एक हत्ती जास्त, तरी डाव बरोबरीत? राजाच्या या चुका टाळा

परभणीतल्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत माझ्याकडे अख्खा हत्ती जास्त होता. समोर आठवीतलं लेकरू. मी काळ्या सोंगट्यांनी खेळत होतो. राजा जी८ वर (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८), शेजारी एफ८ ला हत्ती, पुढे एफ७ आणि एच७ ची प्यादी. जी७ चं प्यादं मीच उगाच पुढे सारलं होतं, ते पडलं. तरी भ्यायचं कारण नव्हतं: माझा वजीर ए६ वर होता आणि सहावी रांग थेट जी६ पर्यंत मोकळी होती. मी मात्र तो वजीर ए२ चं फुकटचं प्यादं खायला नेला.

पोरानं वजीर जी५ ला आणला. शह. राजा एच८. वजीर एफ६, शह. राजा जी८. पुन्हा जी५. शहाशह काही संपेना. वजीर ए६ वरच असता तर पहिल्याच शहाला जी६ वर आडवा घातला असता, वजिरावजिरी झाली असती आणि डाव माझा होता. "काका, ड्रॉ ना?" काय म्हणणार!

म्हणून सोंगट्या जास्त असताना आधी दोन्ही वजीर मारामारीत काढा. ते निघेपर्यंत प्रत्येक चालीआधी बघा, समोरचा वजीर आपल्या राजाला कुठून शह देऊ शकेल आणि तिथं आपलं कोण आडवं येईल. राजापुढची प्यादी शक्यतो हलवू नका. एच६ ची एक खिडकी चालते, जी५ चा उत्साह नको.

आमच्याकडे पारावर अजून देशी डाव रंगतो. त्यात कॅसलिंग (राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे आणणं) नाही, पण शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. आजोबांकडून शिकलेली लेकरं स्पर्धेत राजा मधेच ठेवतात, त्याचं मूळ मला यातच दिसतं. दहाव्या चालीच्या आत कॅसलिंग करायची सवय लावा.

आता हरणाऱ्याच्या चुका. सलग तीन शह दिले की बरोबरी, हा गैरसमज सगळीकडे आहे. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमात सततच्या शहाला वेगळं कलमच नाही. तीच स्थिती, त्याच खेळाडूची चाल, असं तीनदा झालं तर बरोबरी मागता येते. मधे दुसऱ्या चाली झाल्या तरी चालतं. पाचदा झालं तर कुणी न मागताही डाव संपतो.

मागायची रीत चुकली की गेलं. तिसऱ्यांदा स्थिती आणणारी चाल आधी कागदावर लिहा, सोंगटीला हात लावू नका, घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. मी एकदा चाल खेळून, घड्याळ दाबून मग हात वर केला. तोवर मागायचा हक्क समोरच्याकडे गेला होता, आणि तो कशाला मागतोय! दावा चुकीचा ठरला तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावात चाली लिहिलेल्या नसतात, तेव्हा तीच स्थिती दुसऱ्यांदा आली की लगेच पंचांना पटाशी उभं करा.