एकाच कॉम्प्युटरवर विंडोज 10, विंडोज 11 आणि उबुंटू: ग्रबचा मेनू कसा लावावा

ग्रब म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना कोणती सिस्टीम उघडायची ते विचारणारा प्रोग्राम; तो उबुंटू या लिनक्स सिस्टीमसोबत येतो. आधी लाइनचा, म्हणजे विजेचा, विचार करा. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) लहान-मोठं होत असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. बीड, परभणीकडच्या गावांत लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच बसा. लॅपटॉप पूर्ण चार्ज हवा, डेस्कटॉप इन्व्हर्टरवर. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. बूटची, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याची, मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकतं.

विंडोजमध्ये एमएसइन्फो32 उघडून बायोस मोड बघा. तिथे यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू होण्याची नवी पद्धत; जुनी ती लेगसी) असेल तर उबुंटू बसवायचा पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच सुरू करा. एक लेगसीत आणि दुसरं यूईएफआयमध्ये बसवलं, तर ग्रबमधून विंडोज उघडत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि उबुंटूला विंडोजची ड्राइव्ह नीट वापरता येत नाही.

बसवण्याचा क्रम: विंडोज 10, मग 11, शेवटी उबुंटू. डिस्क मॅनेजमेंटमध्ये श्रिंक व्हॉल्यूम वापरून 51200 एमबी, म्हणजे 50 जीबी, मोकळे करा आणि उबुंटू त्या रिकाम्या जागेत टाका. उबुंटू बसवताना दिसणाऱ्या, सगळी डिस्क पुसणाऱ्या 'इरेज डिस्क'ला चुकूनही हात लावू नका.

ग्रबच्या मेनूत विंडोज दिसलं नाही तरी घाबरू नका. ग्रब 2.06 पासून इतर सिस्टीम शोधणं मुळातच बंद असतं. टर्मिनलमध्ये 'सुडो नॅनो /इटीसी/डीफॉल्ट/ग्रब' द्या (आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, इथे उच्चार दिलाय). त्या फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स आणि ग्रब_टाइमआउट=10 ठेवा. सेव्ह करून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. दोन्ही विंडोज एकाच ईएफआय पार्टिशनवर (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइली असलेला डिस्कचा छोटा भाग) असतील तर ग्रबमध्ये एकच 'विंडोज बूट मॅनेजर' दिसेल. 10 की 11 हे पुढच्या निळ्या पडद्यावर निवडायचं.

विंडोजच्या अपडेटनंतर थेट विंडोजच उघडू लागलं तर पुन्हा इन्स्टॉल करू नका. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर आणा, बस. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं, तर उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' द्या.