चाळीची भिंत, डिस्लेक्सिया असलेली चित्रकार आणि वीस पोरं : कामाची तयारी

मंडळानं किंवा सोसायटीनं एखाद्या चित्रकार ताईला भिंत रंगवायला बोलावलं, ताईंना डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) आहे आणि सोबत चाळीतली मुलंही रंगवणार आहेत, अशा वेळी कामाची आखणी जरा वेगळी करावी लागते. चित्राची काळजी नको, ते ताईंचं काम आहे. घोळ होतो तो अक्षरांत, मापांत आणि तुमच्या लांबलचक व्हॉट्सॲप मेसेजमध्ये.

एक गैरसमज आधी बाजूला ठेवा. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही आणि अक्षरं उलटी दिसण्याचा आजारही नाही. आवाज आणि अक्षर यांची सांगड पटकन बसत नाही, हे मूळ दुखणं. म्हणून मजकूर नुसता मोठ्या टायपात छापून दिला की झालं, असं नसतं. आणि डिस्लेक्सिया असलेलं प्रत्येक मूल चित्रकार होतं, हेही खरं नाही. पालकांना असलं काही सांगू नका.

निरोप व्हॉइस नोटनं पाठवा, एका नोटेत एकच गोष्ट. भिंतीचा फोटो काढून त्यावरच बोटानं रेघा मारून द्या : इथून इथपर्यंत चित्र, इथं मजकूर, हा नळ सोडायचा. तारीख सांगताना वारही सांगा. 12 आणि 21 ची अदलाबदल सहज होते, त्यामुळे मापं आकड्यांत देऊ नका. अक्षराच्या उंचीची एक लाकडी पट्टी कापा, दोन ओळींतल्या अंतराची दुसरी. पट्टी भिंतीला लावायची आणि खूण करायची, टेप लागतच नाही. मानधन किती, कधी, हे कागदावर द्या आणि सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवा. डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र मागायचा तुम्हाला काही अधिकार नाही.

काम नोव्हेंबर ते मे या काळात उरका. गणपतीपर्यंत करू म्हणाल तर पाऊस गाठेल. आधी भिंतीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून 24 तास ठेवा. आतून पाणी धरलं तर भिंतीत ओल आहे, रंग पोपडे होऊन सुटणार. लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा खार) आला असेल तर कोरड्या ब्रशनं खरवडा, पाण्यानं धुऊ नका, तो पुन्हा वर येतो. नवीन प्लास्टर असेल तर 28 दिवस थांबा. पंधरा बाय सहा फुटांच्या भिंतीला साधारण 1 लिटर बाहेरचा प्रायमर आणि दोन हातांसाठी 2 लिटर पांढरा एक्स्टिरिअर इमल्शन पुरतो. फिके रंग पांढऱ्यात स्टेनर (मिसळायचा दाट रंग) घालून करा, 500 मिलीला 15 मिलीच्या वर नको. गडद रंग दुकानातून मशिनवर तयार करून घ्या. स्टेनर ओतून रंग गडद करत बसलात तर पुढच्या पावसानंतर भुकटी हाताला लागते.

आता अक्षरं. समजा मजकूर आहे, ‘पिण्याचं पाणी जपून वापरा’. पहिली वेलांटी उच्चारात ‘प’च्या नंतर येते, लिहिताना मात्र आधी काढायची. ‘ण्या’मध्ये अर्धा ण. घ-ध, भ-म, ब-व या जोड्याही अशाच दगा देतात. ताईंना हे हातानं भिंतीवर लिहायला लावू नका, खाका वापरा. झेरॉक्सवाल्याकडून आठ इंची अक्षरं छापून घ्या आणि कागद जोडून एका शब्दाचा एकच ताव करा. अक्षराचा एकेक कागद केला तर वेलांटी एकीकडे आणि ‘प’ दुसरीकडे जातो. तावाखाली थर्माकोल ठेवून रेघेवर तीन-तीन मिलिमीटरवर सुईनं टोचा. मग मागच्या बाजूनं पॉलिश पेपर हलकेच फिरवा, नाहीतर टोचल्याचे कंगोरे भोकं बुजवतात. निळ्या खडूची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून ताव भिंतीला लावायचा आणि वरून थोपटायचं. गेरू नको, फिक्या रंगातून तो वर फुटतो.

टोचलेल्या तावाची भोकं दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात आणि ताव पालथा लागला की सगळा शब्द उलटा छापतो. म्हणून छापील बाजूच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ठसठशीत लाल टिकली लावा. लाल टिकली दिसली, तरच ताव सुलट.

खाका उमटला की रंग लावण्याआधी एकानं छापील कागद धरायचा आणि दुसऱ्यानं भिंतीवरचा मजकूर शेवटच्या अक्षरापासून मागे मागे वाचायचा. सरळ वाचलं की डोळा चूक भरून काढतो. चूक सापडली तर ओल्या फडक्यानं पूड पुसा. हे काम कोण करणार ते आधीच ठरवा आणि मुलं येण्यापूर्वी उरका. चारचौघांत ‘ताई, इथं चुकलं’ म्हणण्यात शहाणपणा नाही. बोर्ड रंगवणारे मुरलेले पेंटरही ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात, तेव्हा ही तपासणी प्रत्येक भिंतीला लागतेच.

मुलांना रंगवायच्या जागी ‘निळा’ असं लिहू नका, त्या रंगाचा ठिपका द्या. डब्याच्या झाकणावरही तोच ठिपका. डावी-उजवी ऐवजी ‘नळाकडे’ आणि ‘जिन्याकडे’ म्हणा. एका वेळी एकच सूचना, तीही आधी करून दाखवून. कुणालाही मोठ्यानं वाचायला लावू नका. वीस मुलं असतील तर भिंतीशी पाच-पाचचा गट पुरे, बाकीच्यांना कागदावर रंगवायला बसवा.

ताईंची ओळख करून देताना आधी त्यांनी काय काय रंगवलंय ते सांगा. डिस्लेक्सियाबद्दल बोलायचं की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. ज्या पोराला वर्गात वाचता येत नाही म्हणून मार बसतो, त्याला भाषणापेक्षा ती लाकडी पट्टी, लाल टिकली आणि व्हॉइस नोट जास्त कामाची. त्या वस्तू लपवू नका, त्याच्याच हातात द्या.

काम चालू असताना एखादी आई हमखास विचारते, ‘आमच्या बाळ्यालाही हेच आहे का हो?’ याचं उत्तर ताईंनीही द्यायचं नाही आणि तुम्हीही नाही. मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होते. एका फेरीत ती संपत नाही, त्यामुळे दहावीची वाट पाहू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे आणि प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

प्रत्येक रंग 200 मिली तरी घट्ट झाकणाच्या बाटलीत राखून ठेवा, बाहेर त्याचाच ठिपका. पावसात खालचा फूटभर भाग चिखलाच्या शिंतोड्यांनी आधी खराब होतो, तो दिवाळीनंतर पुन्हा मारावा लागतो. खाक्याचे ताव घडी न घालता पीव्हीसी पाइपात गुंडाळून ठेवा. घडीवर भोकं फाटली की पुढच्या वेळी पूड पसरते.