सेल्फ जड मारतोय? नवी बॅटरी घ्यायच्या आधी या चुका टाळा

डिसेंबर लागला की नाशकात सकाळी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून तो आवाज येतोच, घर्र... घर्र... घर्र, सेल्फ फिरतोय पण त्यात जीवच नाही. निफाडकडे पारा उतरला की तर विचारूच नका. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे उन्हाळ्यात लपून राहिलेला दोष नेमका आता वर येतो आणि आपण सरळ बॅटरीच्या दुकानात जातो. मी पण तेच केलं होतं. पाच हजारांच्या वर गेले, तीन आठवडे गाडी छान उचलली आणि मग परत तेच घर्र घर्र. दोष होता अर्थच्या वायरमधे (बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीला-इंजिनला जाणारी जाड वायर), नव्या बॅटरीच्या जोरात तो काही दिवस झाकला गेला एवढंच.

आधी एक बघा, सेल्फ हळू फिरतोय की जोरात फिरूनही गाडी चालू होत नाही? जोरात फिरत असेल तर ते पेट्रोल, स्पार्क, डिझेलला हीटर प्लग असलं वेगळं प्रकरण आहे, इथे मी फक्त हळू फिरणाऱ्या सेल्फबद्दल लिहितोय.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "हॉर्न वाजतोय, लाइट लागतायत, म्हणजे बॅटरी ठीक". अहो हॉर्नला चार-पाच अँपियर लागतात आणि छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपियर ओढतो. त्यामुळे मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा छोटा मीटर) घ्या, साधा चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी दार उघडझाप न करता बॅटरीवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी फिरवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो आणि मेलेली बॅटरी पण चांगली दिसते. मग कोणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि आकडा किती पडतो ते बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्या, पण आधी ती पूर्ण चार्ज करून परत बघा. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मधे पाहिजे, त्यापेक्षा बराच कमी असेल तर डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) नीट चार्ज करत नाहीये, मग नवी बॅटरी टाकली तरी आठवड्यात उतरणार.

आणि आकडा १० च्या वर राहतोय तरी सेल्फ जड, तर बॅटरी बदलू नका, वायर बघा.

इथेच माझे पैसे गेले. टर्मिनल वरून चकचकीत होते, मी वरूनच फडका मारला होता, पण क्लॅम्प (टर्मिनलवर आवळलेली वायरची पकड) काढून आतून घासायला पाहिजे हे डोक्यात आलं नाही. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, हे कायम लक्षात ठेवा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा. टर्मिनल साफ केले तरी फरक नव्हता, मग मीटर बीपवर (वायर तुटलीय का ते सांगणारी सेटिंग) ठेवून अर्थची वायर तपासली, बीप वाजला, म्हटलं वायर चांगली. ही दुसरी चूक. तांब्याची एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो, पण दीडशे अँपियरला ती पुरत नाही. एक ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला तरी दीडशे अँपियरवर दीड व्होल्ट तिथेच जातो. शेवटी नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका वायरमनने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली आणि म्हणाला, "दादा, मारा सेल्फ." मीटरवर १.४. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, खरं तर ०.२ असला तर उत्तम. गिअरबॉक्सवरचा लग (वायरच्या टोकाची नटाखाली बसणारी कडी) काढला तर रबराच्या आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं, बाहेरून वायर अगदी नवी. प्लसच्या बाजूला पण असंच मोजायचं, बॅटरी प्लस ते सेल्फचा जाड नट.

मीटर नसेल तर जंपर केबलची एकच वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ लगेच उचलला की अर्थ गेली समजा. सेल्फ मारल्यावर एखादं टर्मिनल हाताला गरम लागलं तर अडथळा तिथेच आहे.

स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या गाडीत साधी बॅटरी टाकू नका, कंपनीने सांगितलेलीच टाका, साधी लवकर खराब होते. जाड ऑइल टाकून "मायलेज वाढतं" म्हणणाऱ्यांचं पण ऐकू नका, थंडीत सेल्फला तेच जड जातं.

एकदा दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ दाबून धरू नका, मधे मिनिटभर थांबा, नाहीतर आतली वायंडिंग जळते.

आणि गाडी सकाळी थंडीत मस्त उचलते, पण कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात आणि मग गरम इंजिनवर सेल्फ जड, असं असेल तर बहुतेक सेल्फचंच काम आहे. बुश (दांडा ज्यात फिरतो ते धातूचे कडे) झिजले की आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरणारा भाग, आत घासायला लागतं, कार्बन (त्याला करंट पोचवणारे ब्रश) संपले की जोर राहत नाही. वायरमनला सेल्फ खाली काढून उघडायला सांगा आणि बुश, कार्बन तुमच्यासमोर दाखवायला सांगा.