दोन आकड्यांवर चालणारे मापांतर: सातबारा, सूत, तोळा आणि उजनीचे पाणी

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला एकाच आठवड्यात किती मापपद्धतींशी गाठ घालावी लागते, हे सहसा त्याच्या लक्षात येत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पण बांधावर उभे राहून बोलताना एकर आणि गुंठेच तोंडात येतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत सुताचा काउंट (बारीकपणाचा नंबर) वार (यार्ड) आणि पौंडांवर ठरतो, तर त्याच सुताच्या टॉवेलचे वजन ग्रॅममध्ये सांगितले जाते. सराफाच्या दुकानात तोळा असतो आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रात टीएमसी व क्युसेक असतात. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पासून व्यापारात सक्तीची झाली. तरीही जुनी मापे गेली नाहीत, कारण ती जमिनीच्या मोजणीत, मागाच्या हिशेबात आणि घरातल्या डब्यांत मुरलेली होती.

मापांतरासाठी लोक गुणकांचा लांबलचक तक्ता पाठ करतात किंवा मोबाइलवर शोधतात. माझ्या मते दोनच आकडे पाठ असावेत: १ इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर आणि १ पौंड म्हणजे ४५३.५९२३७ ग्रॅम. हे दोन्ही आकडे मोजून काढलेले नाहीत, ते व्याख्येनेच ठरवलेले आहेत. त्यामुळे त्यांत ‘सुमारे’ नाही. गुंठा, एकर, ब्रास, टीएमसी हे सारे इंचातून निघतात, तोळा, शेर आणि कापसाची खंडी पौंडातून, आणि सुताचा काउंट दोन्हींतून.

रीत अशी आहे. आकड्याशेजारी त्याचे एकक लिहावे आणि ज्या अपूर्णांकाची किंमत एक आहे, त्याने गुणावे. ३० इंचांचे सेंटीमीटर करायचे असतील, तर ‘२.५४ सेंमी भागिले १ इंच’ या अपूर्णांकाने गुणावे. वरचा इंच आणि खालचा इंच कटतात, सेंटीमीटर उरतात आणि उत्तर ७६.२ येते. अपूर्णांक चुकून उलटा लिहिला गेला, तर इंचाचा वर्ग उरतो आणि चूक तिथेच उघडी पडते. एकक न लिहिता नुसते आकडे मांडणाऱ्याला मात्र आपण गुणायचे तिथे भागले हे कळायला मार्ग राहत नाही. क्षेत्रफळ असेल तर गुणकाचा वर्ग करावा आणि घनफळ असेल तर घन. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे सर्वांना ठाऊक असते, पण चौरस मीटरचे चौरस फूट करताना त्याच ३.२८ ने गुणणारे लोक मी कितीतरी पाहिले आहेत, तिथे १०.७६४ ने गुणायला हवे.

आता जमीन. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणून ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मीटरमध्ये ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, त्याचा वर्ग केला की गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा येतो. आर मात्र बरोबर १०० चौरस मीटरचा असतो. दोहोंतला फरक शेकड्याला सव्वाएक इतकाही नाही, म्हणूनच ‘आर म्हणजे गुंठाच’ असे सर्रास म्हटले जाते. त्याच्या जोडीला ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ हे दुसरे सोयीचे वाक्य येते, आणि दोन्ही वाक्ये एकाच दिशेने चुकतात.

समजा, सातबाऱ्यावर क्षेत्र १.६२.०० असे आहे. याचे वाचन एक हेक्टर बासष्ट आर. तोंडी हिशेबाने हेक्टरचे १०० गुंठे आणि वरचे ६२, म्हणजे १६२ गुंठे, म्हणजे ४ एकर २ गुंठे होतात. नीट केले तर १६,२०० चौरस मीटरला १०१.१७ ने भागावे, १६०.१३ गुंठे येतात, म्हणजे जेमतेम ४ एकर. मधला फरक दोन हजार चौरस फुटांहून जास्त आहे, आणि शहराच्या हद्दीलगत एवढ्यात एक टुमदार घर बसते. व्यवहार गुंठ्यावर ठरत असेल, तर हा भागाकार कागदावर करूनच बोलणी सुरू करावीत.

दुसरा खड्डा जुन्या उताऱ्यांत आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. घरच्या एका जुन्या कागदावर ३.०५ असे क्षेत्र होते आणि मी ते तीन पूर्णांक पाच शतांश एकर समजून त्याचे हेक्टर केले. प्रत्यक्षात ते ३ एकर ५ गुंठे होते. बिंदूच्या उजवीकडचा आकडा तिथे शतांश नसून चाळिसांश असतो. म्हणून ५ ला ४० ने भागून ३.१२५ एकर धरायला हवे होते, ज्याचे १ हेक्टर २६.४६ आर होतात. माझ्या हिशेबात तीन गुंठे जमीन नाहीशी झाली होती. भावाने उतारा हातात घेऊन नुसते पाहिले आणि विचारले, ‘दादा, पाच गुंठे कुठे गेले?’

ब्रासचा घोळ वेगळ्या जातीचा आहे. वाळू, खडी किंवा मुरूम घेताना ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, फरशी किंवा गिलाव्याच्या मजुरीत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. नाव एक, मिती वेगळी. यांच्यात मापांतर होऊच शकत नाही. थराची जाडी सांगितली तरच एकातून दुसऱ्याकडे जाता येते.

सुताकडे वळतो, कारण सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यांच्या सुताचा हिशेब अजून इंग्रजी काउंटवरच चालतो. ८४० वारांची एक लडी धरावी. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील, तितका त्या सुताचा काउंट. वीस नंबरच्या सुताच्या एका पौंडात २० लड्या, म्हणजे १६,८०० वार. त्यामुळे नंबर वाढला की सूत बारीक होते. टेक्स याच्या उलट आहे: १,००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे टेक्स, म्हणून तो वाढला की सूत जाड. एक वजनामागची लांबी सांगतो आणि दुसरा लांबीमागचे वजन, म्हणून इथे ठरावीक गुणकाने गुणून चालत नाही. दोहोंचा गुणाकार ठरावीक असतो. ८४० वार म्हणजे ७६८.१ मीटर, ४५३.५९ ग्रॅमला ७६८.१ ने भागून हजाराने गुणले की ५९०.५ येतात. या ५९०.५ ला काउंटने भागले की टेक्स आणि टेक्सने भागले की काउंट. वीस नंबरचे सूत २९.५ टेक्सचे भरते. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन असल्याने तिथे ५९०.५ च्या नऊपट, म्हणजे ५,३१५ घ्यावे. १५० डेनिअरचा पॉलिस्टर धागा साधारण साडेपस्तीस काउंटचा ठरतो.

टेक्सचा खरा उपयोग दुहेरी सुतात कळतो. वीसचे आणि दहाचे सूत एकत्र पिळले तर काउंट तीस होत नाही आणि पंधराही होत नाही. दोन्हींचे टेक्स करून बेरीज करावी: २९.५ अधिक ५९, म्हणजे ८८.५, परत काउंट काढला की ६.६७ येतो. पिळाने धागा थोडा आखडतो आणि प्रत्यक्षात सूत आणखी किंचित जाड भरते, तो भाग वेगळा.

तयार मालाचे उदाहरण घेऊ. टॉवेल ३० बाय ६० इंचांचा आणि ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा आहे. ०.७६२ मीटर गुणिले १.५२४ मीटर, म्हणजे १.१६१ चौरस मीटर. एका टॉवेलचे वजन ५८१ ग्रॅम आणि डझनाचे ६.९७ किलो. अमेरिकी गिऱ्हाईक पौंड प्रतिडझन असा आकडा मागते, ६.९७ ला ०.४५३६ ने भागून तो १५.४ येतो. वजनकाट्यावर एक टॉवेल ठेवून बाराने गुणण्यापेक्षा अख्खा डझन काट्यावर ठेवावा, म्हणजे काट्यातली चूक बारापट होत नाही.

वजनांत सर्वांत फसवा तोळा. जुना तोळा १८० ग्रेनचा आणि पौंडात ७,००० ग्रेन, म्हणून तो ११.६६४ ग्रॅमचा निघतो. त्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात. आजीच्या वहीत ‘साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या’ अशी जुनी नोंद असेल, तर त्या ३५ ग्रॅमच्या नसून ४०.८ ग्रॅमच्या असल्या पाहिजेत. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा, आणि मण ४० शेरांचा, म्हणजे ३७.३२ किलोचा, पण जुना मुंबई मण २८ पौंडांचा, अवघा १२.७ किलोचा होता. सूतगिरणीत अजून चालणारी कापसाची खंडी असल्या २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची किंवा ३५५.६ किलोची, वीस मणांची खंडी पाठ केलेल्याचा इथे हिशेब फसतो. खंडीचा भाव समजा ५६,००० रुपये असेल, तर किलोला १५७ रुपये ४७ पैसे पडतात. चिपटे, मापटे, पायली ही तर वजने नव्हेतच, ती आकारमानाची मापे आहेत. एकाच मापट्यात ज्वारी आणि शेंगदाणे सारख्या वजनाचे भरत नाहीत, म्हणून त्यांचे किलो करताना त्याच धान्याचे एक माप भरून काट्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. बाजारभावाबद्दल एवढेच सांगतो की सोलापूरचा कांदा क्विंटलवर बोलला जातो आणि पुण्याच्या बातमीत दहा किलोवर. ताडून पाहण्याआधी एक शून्य सांभाळावे.

राहिले पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर, म्हणून एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे तो साठा नसून प्रवाह आहे. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. तेव्हा भीमेत २०,००० क्युसेक विसर्ग अखंड २४ तास चालला, तर १.७३ टीएमसी पाणी जाते. भीमेवरच्या उजनी धरणाच्या बातमीत शिवाय टक्केवारी असते आणि तीही एक प्रकारचे एककच असते, कारण ती कशाची आहे हे विचारावे लागते. उजनीचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेला तळचा साठा, ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. टक्के उपयुक्त साठ्यावर मोजतात. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी उणे ३० टक्के’ असे छापून येते, तेव्हा ५३.५७ चे ३० टक्के, म्हणजे १६.०७ टीएमसी मृतसाठ्यातून उपसलेले असते आणि धरणात अजून ४७.५९ टीएमसी पाणी उभे असते.