रिटायर झाल्यावर फिरायचंय ना? मग अवघड ते आधी उरका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०१३ ला रिटायर झाले, वय अठ्ठावन्न. निरोप समारंभात सगळ्यांचं एकच, बाई आता काय, फिरा मस्त. आम्ही पण घरी येऊन वहीत यादी केली, आणि यादी करताना जी चूक केली ती माझ्या ओळखीतले सगळेच करतात म्हणून हे लिहायला बसलेय. आम्ही जवळचं आधी लावलं आणि लांबचं नंतर. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर, अक्कलकोट, मग कोकण, मग गोवा, आणि गिरनार, केदारनाथ वगैरे निवांत करू, कुठं पळून जातंय. गिरनार नाही पळून जात हो, गुडघे जातात.

गिरनारला शेवटी २०२३ ला गेलो. मी ६८, आमचे हे ७२. रोपवे २०२० ला सुरू झालाय, मग काय टेन्शन असं वाटत होतं. पण रोपवे फक्त डोंगरावरच्या अंबाजीच्या देवळापर्यंत जातो, दत्तपादुका त्याच्या बऱ्याच पुढं. गिरनार एकूण दहा हजार पायऱ्यांचा म्हणतात, त्यातल्या साधारण निम्म्या रोपवेनं वाचतात, उरलेल्या आपल्या पायांनी. आणि सलग चढ पण नाही, गोरखनाथाच्या शिखरावर चढायचं, मग खाली उतरायचं, मग परत दत्तशिखर चढायचं, म्हणजे येताना सुद्धा चढ आहेच, हे कुणी सांगत नाही. हे गोरखनाथापर्यंत आले आणि कठड्यावर बसले ते बसलेच, म्हणाले तू जाऊन ये. डोली होती, तिथं डोलीचे पैसे वजनावर घेतात, पण मी काय गव्हाचं पोतं आहे का म्हणून बसायला तयार नाहीत. मी एकटी पादुकांपर्यंत जाऊन आले. अजून घरात तो विषय निघाला की हे पेपर तोंडासमोर धरतात.

तर यादी करताना किलोमीटर बघू नका, पायऱ्या आणि उंची बघा. पायऱ्यांचं आणि थंड उंचावरचं सगळं पहिल्या पाच-सात वर्षांत संपवायचं, सपाटीचं मागं ठेवायचं. काशी, अयोध्या, म्हैसूर, शेगाव हे पंचाहत्तरीला पण जमतं, व्हीलचेअरवर पण जमतं. केदारनाथ नाही जमत. तिथं गौरीकुंडापासून १६ किलोमीटरच्या आसपास चाल आहे आणि देऊळ ३,५०० मीटरच्या वर. आता लोक म्हणतात हेलिकॉप्टर आहे की, फाटा, सेरसी ह्या गावांहून. आहे, गुडघ्यांची सोय झाली, छातीची नाही. काही मिनिटांत तुम्ही एकदम विरळ हवेत उतरता, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळं ज्यांना हार्टचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी हेलिकॉप्टर म्हणजे सेफ असं अजिबात समजू नये. बद्रीनाथला गाडी देवळाच्या बऱ्याच जवळ जाते, पण ते पण ३,००० मीटरच्या वर आहेच. लेहला विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं खोलीत पडून राहायचं, फोटो काढत हिंडायचं नाही. उंचावरच्या हवेचा त्रास होऊ नये म्हणून जी गोळी देतात ती शेजाऱ्यानं घेतली म्हणून घेऊ नका, आधी स्वतःच्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ऍलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

घरच्याघरी एक परीक्षा घेता येते. जायच्या तीन महिने आधी जवळच्या एखाद्या घाटावर किंवा तीनमजली बिल्डिंगच्या जिन्यावर रोज चढउतार चालू करा आणि उतरताना काय होतंय ते बघा. चढताना दम लागतो, तो थांबलं की बसतो. उतरताना मात्र गुडघ्यावर सगळा भार येतो आणि तोल जातो, म्हातारपणी जिन्यावर माणूस पडतो ते बहुतेक उतरताना. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, अष्टविनायकात बाकी सगळे गणपती सोपे आणि तिथं निम्मी बस खालीच बसून राहते. जेजुरीला नऊ लाख पायरी म्हणतात ते गाण्यात, प्रत्यक्षात काही शे आहेत, पण दगडी आणि उन्हात तापलेल्या. जिथं सोय झालीय तिथं लाजू नका, रायगडाला रोपवे आहे, वणीला सप्तशृंगीला ट्रॉली आहे. आमच्या ह्यांनी वणीला पण, देवीला चालतच जायचं असतं, असं सुरू केलं होतं, मी म्हटलं गिरनार आठवतंय का, गप बसले ट्रॉलीत.

आता देवळात गेल्यावरचं. चप्पल बाहेर काढायची असते आणि शुगरवाल्यांच्या पायाला बधिरपणा आलेला असतो, दुपारी बारा वाजता तापलेल्या फरशीवरून चालून आलं तरी कळत नाही, रात्री हॉटेलवर फोड दिसतात आणि ती जखम मग महिनोन्‌महिने भरत नाही. माझ्या जावेला हे झालेलं आहे. जाड सुती मोजे घाला, सोवळंओवळं वगैरे मनात आणू नका, आणि रोज रात्री तळपाय बघा, स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्याला बघायला सांगा. रामेश्वरला देवळात बावीस कुंडांचं पाणी अंगावर घेतात, ओल्या साडीत, ओल्या फरशीवर, गर्दीत. तिथं खुबा मोडला तर घरापासून दीड हजार किलोमीटरवर ऑपरेशन. घ्यायचंय तर घ्या, पण एक तरुण माणूस हाताला धरून पाहिजे.

सगळ्यात मोठा विषय जो कुणी बोलत नाही तो म्हणजे बाथरूम. पन्नाशीत आपण बघतो हॉटेलला व्ह्यू काय आहे, सत्तरीत बघतो कमोड आहे का. बुकिंग करताना फोन करून तीन गोष्टी स्पष्ट विचारा, कमोड आहे का, खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट चालू आहे का, आणि बाथरूमला उंबरा किंवा पायरी आहे का. सगळी सोय आहे ना असं गुळमुळीत विचारलं तर सगळं आहे म्हणतात. आम्हाला एका यात्रा कंपनीनं लिफ्ट आहे सांगितलं होतं, लिफ्ट होतीच, सामानाची होती. भक्तनिवासात बऱ्याच ठिकाणी भारतीय संडास असतो, त्यासाठी घडीचं कमोड-स्टूल मिळतं, वजनाला हलकं असतं, आम्ही ते बॅगेतच ठेवतो.

बायकांचं तर वेगळंच. बस थांबेल का, संडास स्वच्छ असेल का ह्या भीतीनं आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. मी वीस वर्षं केलंय हे, शाळेत पण केलंय. तरुणपणी खपून जातं, पण ह्या वयात पाणी कमी पडलं की चक्कर येते, बीपी पडतं, लघवीला जळजळ सुरू होते आणि ट्रिपचे दोन दिवस गेलेच म्हणून समजा. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला सांगा की दोन तासांनी थांबायचं म्हणजे थांबायचं. पुरुषांनी पण, ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी लाजत बसू नये. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे जायच्या आधी डॉक्टरला विचारून घ्या, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

औषधं. ट्रिपच्या दिवसांपेक्षा आठवड्याची जास्त घ्यायची आणि दोन बॅगांत वाटून ठेवायची, म्हणजे एक बॅग हरवली तरी चालतं. विमानानं जात असाल तर औषधं हातातल्या बॅगेत, इन्सुलिन तर मुळीच खाली सामानात टाकायचं नाही, तिथं ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की फेकून द्यायचं. शुगर एकदम कमी झाली की लोक चिक्की किंवा बिस्किट देतात, त्यानं लगेच काही होत नाही, साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर खिशात पाहिजे. एका कागदावर मोठ्या अक्षरात आजार, गोळ्यांची नावं, ऍलर्जी, रक्तगट आणि मुलांचे फोन नंबर लिहून तो मोबाईलच्या कव्हरमध्ये घाला, कारण आपण पडलो तर मोबाईलचा लॉक कुणाला उघडता येणार नाही. कवळी असणाऱ्यांनी डबी विसरू नका, रुमालात गुंडाळून ठेवलेली कवळी हॉटेलच्या धुण्यात गेल्याचं उदाहरण आमच्या ग्रुपमध्ये आहे, पुढचे सहा दिवस त्यांनी दहीभात खाल्ला.

सत्तरी झालेली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्न किती ते बघत नाहीत, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचारांचा खर्च सरकारी योजनेतून होतो, आणि योजनेतल्या हॉस्पिटलात ऍडमिट झालात तर परगावी पण चालतं. नुसतं ओपीडीत दाखवायला नाही चालत. आधार कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा, झेरॉक्सवर सगळीकडे भागत नाही.

तिकिटांचं सांगते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच, त्याची वाट बघत बसू नका. पण लोअर बर्थचा कोटा आहे, पुरुषांना ६० पासून आणि बायकांना ४५ पासून, आणि तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तेव्हाच मिळतो. आम्ही चार बहिणी एकत्र तिकीट काढायचो आणि अपर बर्थ आले की रेल्वेला शिव्या द्यायचो. दोन-दोनची वेगळी तिकिटं काढायची आणि बुकिंग करताना जनरलच्या ऐवजी तो सीनियर सिटिझनचा कोटा निवडायचा. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. तरीही वरचा बर्थ आलाच तर टीसीला भेटा, रिकामा लोअर असेल तर देतात. कनेक्टिंग गाडी असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा, आपल्याला आता पुलावरून पळता येत नाही, आणि छोट्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्म बुटका असतो, उतरताना आधी सामान मग माणूस.

एसटी मात्र आपली. ७५ पूर्ण झालं की तिकीट फुकट, ६५ ते ७५ अर्धं, बायकांना तर कुठल्याही वयात अर्धं. पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. पायऱ्या उंच असतात एवढं एकच, आणि रात्रीची गाडी नको. रात्रभर बसून पाय सुजतात आणि पुढचा अख्खा दिवस झोपण्यात जातो, म्हणजे वाचवलेले लॉजचे पैसे कुठं गेले सांगा. स्वतःची गाडी चालवणाऱ्यांनी पण मोतीबिंदू सुरू झाला असेल तर संध्याकाळी सातनंतर चावी खिशात घालावी, समोरच्या गाडीचे लाईट डोळ्यात फुटतात, हे आमच्या ह्यांनी कबूल करायला दोन वर्षं घेतली.

यात्रा कंपनीबरोबर जाणार असाल तर किती ठिकाणं दाखवणार हे विचारू नका, किती रात्री एकाच हॉटेलात ते विचारा. रोज सकाळी पाचला उठून बॅग भरणं ह्यानंच माणूस दमतो, बघण्यानं नाही. बारा दिवसांत नऊ हॉटेलं असतील तर मी पैसे भरत नाही. आम्ही आता एका गावात चार-पाच दिवस राहतो, सकाळी एक गोष्ट बघायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी वाटलं तर बाहेर. अंदमानला असंच केलं, सेल्युलर जेल दोनदा बघितलं, पहिल्या दिवशी खालचं, दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी वर सावरकरांच्या कोठडीपर्यंत, कारण ती सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी थोडकंच. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, चालता येत असलं तरी तिथली अंतरं आणि रांगा झेपत नाहीत. सीट पॅसेजच्या बाजूची घ्या, तासा-दीड तासानं उठून चाला, पायात गुठळी होण्याची भीती असते. इन्शुरन्सच्या फॉर्मवर बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन सगळं खरं लिहा, लपवलं तर क्लेम नाकारतात आणि तिथलं बिल मुलाला कर्जात घालेल. आणि नोव्हेंबरात बाहेर असाल तर पेन्शनचा हयातीचा दाखला विसरू नका, जीवन प्रमाणच्या ऍपवर मोबाईलमध्ये चेहरा दाखवून होतो, पण जायच्या आधी इथंच एकदा शिकून घ्या, आधारचा नंबर आणि ओटीपी सगळं हाताशी लागतं.

जोडीनं फिरताना अजून एक. दोघांचं वय सारखं होत नाही. एकाचे पाय जातात, दुसऱ्याचे कान, आणि मग जो धडधाकट आहे तो चिडतो किंवा मन मारून खाली बसून राहतो. आम्ही ठरवून टाकलंय, ज्याला वर जायचंय त्यानं जायचं, दुसऱ्यानं चहाच्या टपरीवर बसायचं, फोन चालू ठेवायचा आणि रुसायचं नाही. हे टपरीवर बसून इतक्या लोकांशी बोलतात की मी खाली येईपर्यंत त्यांना गावातली भांडणं पण माहीत झालेली असतात.

पुढच्या महिन्यात गुहागरला जायचं चाललंय, पाच दिवस एकाच घरात. काल मालकाला फोन करून माझे तिन्ही प्रश्न विचारले. खोली तळमजल्यावर आहे, उंबरा नाही, कमोड आहे, पण मागच्या परसात आहे, रात्री बॅटरी घेऊन जायला लागेल म्हणाले. दुसरं घर शोधतेय, कुणाला माहीत असेल तर सांगा.