तान्ह्या बाळाला निर्धोक कसं झोपवावं, आणि बाळ गेलेल्या घराला आधार कसा द्यावा

वरवर ठणठणीत असलेलं, वर्षाच्या आतलं बाळ झोपेत दगावतं आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही, तेव्हा डॉक्टर त्याला ‘सिड्स’ म्हणतात. सर्वाधिक धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात असतो. हमखास उपाय नाही. धोका मात्र बराच कमी करता येतो. ‘बाळाला पाठीवर झोपवा’ ही मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली, आणि काही वर्षांतच तिथे असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

१. दर वेळी उताणं झोपवा, दुपारच्या डुलकीलाही. ‘दूध उलटून घशात जाईल’ ही आजीची धास्ती स्वाभाविक आहे, पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. उलटलेलं दूध वर चढून तिच्यात जाणं अवघड. पालथं असताना तीच खाली येते. कुशीवर ठेवलेलं बाळही सहज पालथं होतं. दोन्ही बाजूंनी स्वतः वळता येऊ लागलं, की झोपेत वळलेल्या बाळाला पुन्हा पुन्हा सरळ करत बसू नका.

२. गादी घट्ट, सपाट; चादर ताणून खोचलेली. मोहरीची उशी, लोड, गोधडी, खेळणी बाजूला. डोकं गोल व्हावं म्हणून उशी कशाला? जागेपणी, समोर बसून, बाळाला थोडा थोडा वेळ पालथं ठेवा. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. रडं थांबवायला झोळी ठीक. डोळा लागला की सपाट गादीवर घ्या.

३. पहिले सहा महिने आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच असतं, हे खरं. तसं असेल तर निदान जमिनीवर घट्ट गादी घाला, भिंतीशी फट ठेवू नका, आईचं पांघरूण कमरेपर्यंतच असू द्या आणि बाळाशेजारी भावंड नको. बाळाशेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोहून कमी वजनाचं असेल, तर एकाच अंथरुणावर मुळीच नाही. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं सर्वांत घातक.

४. मोठ्यांपेक्षा एखादाच कपडा जास्त. मानेमागे घाम म्हणजे बाळाला उकडतंय. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर घरात झोपताना टोपडं काढा. गळ्यातला काळा दोरा, ताईतही काढा. धुरी आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी नकोच. गरोदरपणी मिश्रीही नको, तिच्यातही निकोटीन असतं. अंगावरच्या दुधाने धोका घटतो.

बाळ निपचित दिसलं तर १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने, सुमारे चार सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने दाबा. दर तीस दाबांनंतर दोन हलके श्वास.

बाळ गेलंच, तर आईवडिलांना त्याला हवा तितका वेळ जवळ घेऊ द्या. आईला ‘त्रास होईल’ म्हणून दूर ठेवू नका. घाईने दफन उरकलं की आईचा निरोप राहूनच जातो. पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ नोंदवतात आणि शवविच्छेदन होतं. तो आरोप नव्हे, हे नात्यातल्या कुणीतरी तिथेच समजावून सांगावं. बाळाला नावाने हाक मारा. ‘दुसरं होईल’, ‘देवाला आवडलं’ म्हणू नका. ‘तू नीट झोपवलं नसशील’ हे तर सासर-माहेर कुणीही नाही.

दूध येतच राहतं, याचा विसर सगळ्यांना पडतो. छाती घट्ट बांधू नये. ताण जाईल एवढंच काढावं, गार पट्ट्या ठेवाव्यात. ताप किंवा लाल, दुखरी गाठ आली तर डॉक्टर. कपडे-पाळणा परस्पर हलवू नका, आईला विचारा. बापालाही विचारा; त्याला सगळे दाखल्यांच्या धावपळीला लावतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ते काम शेजाऱ्याने अंगावर घ्यावं. झोप-जेवण तुटलं, जगणं नको वाटलं, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.