फाइल यादृच्छिक आहे का, हे कॉम्प्रेशनने कसे तपासावे

एखाद्या सेन्सरने किंवा प्रोग्रामने दिलेले आकडे खरोखर यादृच्छिक आहेत की त्यांत एखादा क्रम दडलेला आहे, हे पाहण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्यांची फाइल कॉम्प्रेस करून पाहणे. कॉम्प्रेशनचा प्रोग्राम पुनरावृत्ती आणि असमान वारंवारता हुडकतो व त्यांच्या आधारे तीच माहिती कमी जागेत लिहितो. जिथे असे काहीच हाती लागत नाही, तिथे वाचवण्यासारखेही काही उरत नाही. मात्र या चाचणीचा निकाल एकाच बाजूने भरवशाचा असतो. फाइल आखडली, तर ती यादृच्छिक नाही हे निश्चित. आखडली नाही, तर अजून काहीही सिद्ध झालेले नाही.

तपासणीसाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातले झेडलिब हे कॉम्प्रेशनचे मॉड्यूल पुरेसे आहे. आपला डेटा हाताळण्याआधी तुलनेसाठी दोन फाइली तयार कराव्यात. पहिलीत १०,००,००० शून्य बाइट भरावेत. दुसरीत ओएस मॉड्यूलमधील युरँडम या यादृच्छिक बाइट देणाऱ्या फंक्शनकडून घेतलेले तेवढेच बाइट भरावेत. दोन्ही कॉम्प्रेस केल्यावर पहिली सुमारे एक हजार बाइटांवर येते. दुसरी लहान तर होत नाहीच, उलट तीनशेच्या आसपास बाइटांनी वाढते. जो भाग दाबता येत नाही तो झेडलिब जसाच्या तसा ठेवतो आणि दर १६ किलोबाइटांच्या तुकड्यामागे पाच बाइट व संपूर्ण प्रवाहासाठी सहा बाइट स्वतःच्या नोंदीसाठी खर्च करतो. वाढ येते ती तिथून.

कितीही हुशार प्रोग्राम आणला तरी या अडचणीतून सुटका नाही, आणि त्याचे कारण निव्वळ मोजणीत आहे. ठरावीक लांबीच्या सर्व संभाव्य फाइली घेतल्या, तर त्यांपेक्षा निदान दोन बाइटांनी लहान असलेल्या सर्व फाइलींची संख्या त्यांच्या ६५,००० व्या हिश्श्याहूनही कमी भरते. दोन वेगळ्या फाइलींना एकच संक्षिप्त रूप देता येत नाही, नाहीतर मूळ फाइल परत मिळणार नाही. म्हणून बहुसंख्य फाइली न दाबण्याजोग्याच राहतात. कोणतीही फाइल लहान करून देण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर कोणी विकायला आणले, तर एवढा हिशोब त्याच्यापुढे मांडावा. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९६५ मध्ये यादृच्छिकतेची व्याख्याच या दिशेने मांडली: एखादी मालिका छापणारा सर्वांत छोटा प्रोग्राम जवळजवळ त्या मालिकेइतकाच लांब असेल, तर ती मालिका यादृच्छिक म्हणावी.

आता आपला डेटा घ्यावा. तो निदान काही लाख बाइटांचा असावा, कारण छोट्या फाइलीत नोंदींचा खर्चच निकाल झाकून टाकतो. नाणेफेकीचे निकाल शून्य आणि एक या अक्षरांनी लिहिले असतील, तर आधी आठ-आठ निकालांचा एक बाइट करून घ्यावा. तसे न केल्यास उत्तम नाण्याची फाइलही आठव्या हिश्श्याच्या दिशेने आखडेल आणि दोष नाण्याला लागेल, जो खरे तर लिहिण्याच्या पद्धतीचा आहे.

मराठी मजकुराच्या फाइलीत हाच भ्रम अधिक ठळक दिसतो. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते: ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ आणि ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. पहिला बाइट कायम २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५ यांपैकी एक. म्हणजे दोन तृतीयांश बाइटांत नवी माहिती जवळपास नसतेच. देवनागरी अक्षरे अगदी चिठ्ठ्या टाकून निवडली, तरी ती फाइल झकास आखडेल. तेव्हा आकड्यांचा कस पाहायचा असेल, तर त्यांवरची सगळी वेष्टने, म्हणजे स्वल्पविराम, ओळींचे शेवट, तारखा, फाइलचे शीर्षक, आधी उतरवून ठेवावीत.

एवढे केल्यावर उरलेली बचत मात्र बोलकी असते. समजा, नाणे ६०-४० असे झुकलेले आहे. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सूत्रानुसार अशा प्रत्येक फेकीत ०.९७१ बिट माहिती असते. त्यामुळे १० लाख बाइटांची फाइल सरासरीने ९,७१,००० बाइटांपर्यंतच खाली येऊ शकते आणि झेडलिब त्याच्या थोडे वर थांबते. बचत तीन टक्क्यांहूनही कमी, पण युरँडमच्या फाइलीत तीही नव्हती.

फाइल आखडली नाही, तर काय समजावे? पाय (π) या संख्येचे दहा लाख दशांश अंक घेऊन, वरचे पथ्य पाळून ते दाट स्वरूपात साठवले, तर झेडलिबला त्यांत काहीही सापडत नाही; तरीही ते सगळे अंक पानभराच्या प्रोग्रामने काढता येतात. सर्वांत छोटा प्रोग्राम कोणता, हे प्रत्येक मालिकेसाठी ठरवून देणारी रीत अस्तित्वात असूच शकत नाही, हे सिद्ध झालेले असल्यामुळे कॉम्प्रेशनची कोणतीही सुधारित आवृत्ती ही फट बुजवू शकणार नाही. व्यवहारात याची किंमत मोजावी लागली आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीतील ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजात २००६ मध्ये झालेल्या एका बदलामुळे यादृच्छिक बिटांचे बीज, म्हणजे ते ज्यापासून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा, जवळपास फक्त प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) क्रमांकावर येऊन ठेपले, आणि तो क्रमांक ३२,७६८ च्या आतला. मे २००८ मध्ये ही चूक जाहीर होईपर्यंत तयार झालेल्या सांकेतिकीकरणाच्या किल्ल्या दिसायला निर्दोष होत्या. कॉम्प्रेशनच्या चाचणीतून त्या आरामात सुटल्या असत्या. म्हणून किल्ली किंवा सोडत यांसाठी आकडे हवे असतील, तर फाइल दाबत बसण्यापेक्षा बीज कुठून आले व ते किती बिटांचे आहे, हे आधी विचारावे.

त्याच कारणाने यंत्राकडून येणारा डेटा तपासताना तो कच्चाच मागून घ्यावा. हॅशमधून, म्हणजे डेटा घुसळून त्याला यादृच्छिक रूप देणाऱ्या फंक्शनमधून, काढलेला डेटा, मूळ सेन्सर बिघडून तेच चार-पाच आकडे उलटसुलट देत असला, तरी अनेकदा चाचणीत उत्तीर्ण होतो. अमेरिकेतील निस्ट या मानक संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिकाही मूळ स्रोताच्या कच्च्या नमुन्यांवरच तपासणी करायला सांगते, आणि तिच्यातील एक चाचणी घरीही करून पाहण्यासारखी आहे. नमुने बीझिप२ या कॉम्प्रेशनच्या प्रोग्रामने कॉम्प्रेस करून आलेली लांबी टिपून ठेवायची, मग तेच नमुने पत्त्यांसारखे पिसून पुन्हा कॉम्प्रेस करायचे, आणि हे १०,००० वेळा करायचे. पिसल्याने आकड्यांची वारंवारता बदलत नाही, केवळ क्रम मोडतो. म्हणून मूळ फाइल जवळजवळ प्रत्येक पिसलेल्या फाइलीपेक्षा लहान भरली, तर दोष आकड्यांच्या क्रमात आहे. पडताळ्यापुरत्या शंभर फेऱ्याही चालतात, मात्र मग निसटता फरक आढळल्यास त्यावरून निष्कर्ष काढू नये.